अर्धी वीत लांब गाडी

दुआन हाइलिनने गाडी विकत घेतली तेव्हा तो मागच्या सीटवर बसला होता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

शोरूममधल्या पान नावाच्या चुणचुणीत विक्रेत्याने त्याला पुढे बसूच दिलं नाही. त्याने मागचं दार उघडलं, साहेबांचं डोकं आपटू नये म्हणून दाराच्या वर हात धरला आणि म्हणाला, "आधी पाय पसरा साहेब. भावाचं मग बोलू."

हाइलिनने पाय पसरले. कुठेच काही लागलं नाही. त्याने अजून पसरले. तरीही नाही. पस्तीस वर्षांच्या दगदगीतून सुटल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

"परदेशात हीच गाडी आखूड विकतात," पान म्हणाला. "आपल्याकडे मुद्दाम अर्धी वीत वाढवून देतात. डिकीवर 'एल' अक्षर दिसतंय ना? ते त्या अर्ध्या वितीचं."

"आणि आखूड मिळते का इथे?" हाइलिनच्या बायकोने, युएमेईने विचारलं.

"मिळते की वहिनी. पण घेतंय कोण? गेल्या साली एकाने हौसेने नेली. गावात लोक विचारायला लागले, काय हो, धंदा बसला का? महिन्याभरात आला बदलून घ्यायला."

युएमेई गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मागे गरम होणारी सीट, मागे पडदा, मागे कप ठेवायला जागा. एक बटण दाबलं की पुढची शेजारची सीट आपोआप पुढे सरकायची आणि मागच्या माणसाला आणखी जागा मिळायची. तिने शांतपणे विचारलं, "मागे सगळं झकास आहे. पण चालवणार कोण?"

पान हसला. हाइलिनही हसला. बायकांना यातलं काय कळतंय, असं ते हसणं होतं. वास्तविक या दोघांचा व्हिनेगरचा छोटा कारखाना होता आणि त्यातल्या काचेच्या बाटल्या भरलेली व्हॅन गेली नऊ वर्षं युएमेईच चालवत होती. नऊ वर्षांत एका बाटलीला तडा गेला नव्हता. पण व्हॅन म्हणजे काय गाडी थोडीच!

मग फेरी मारून बघायची झाली. पानने गाडी चालवली, हाइलिन मागे बसला, आणि उतरला तो सही करूनच.

आठवड्याने गाडी ताब्यात मिळाली. आरशांना लाल फडकी बांधली, फटाके वाजले, पानने दोन्ही हातांनी किल्ली दिली. हाइलिनने मागचं दार उघडलं, आत जाऊन बसला आणि वाट बघत राहिला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. शेवटी पानने काचेवर टकटक केली.

"साहेब, घरी कोण नेणार गाडी?"

आता हाइलिनवर हसण्याआधी त्याच्या मनात काय होतं ते ऐका. गाडी त्याने स्वतःसाठी घेतलीच नव्हती. ती होती त्याच्या वडिलांसाठी.

म्हातारे दुआन म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावात दुआन उस्ताद. पाटबंधारे खात्याच्या गंग साहेबांची काळी गाडी त्यांनी बावीस वर्षं चालवली. त्या गाडीची मागची सीट त्यांनी रोज पुसली, थंडीत तिच्यावर गोधडी घातली, पण एकदासुद्धा तिच्यावर टेकले नाहीत. निवृत्तीनंतरही कुणाच्या गाडीत बसले तर पुढेच. आणि त्यांच्याकडे अभिमानाची एकच गोष्ट होती. ती ते लग्नात, बारशात, न्हाव्याकडे, जिथे तिथे सांगायचे.

"माझ्या हातात चाक असलं की गंग साहेब तिसऱ्या वळणाला झोपलेच समजा. वाटेतला सिमेंटचा कारखाना त्यांनी बावीस वर्षांत कधी बघितला नाही. असं लोण्यासारखं चालवायचो मी."

आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "पण मागे असं असतं तरी काय, ते मात्र कळलं नाही राव."

हे 'कळलं नाही राव' हाइलिनने लहानपणापासून ऐकलं होतं. सत्तराव्या वाढदिवसाच्या आत बापाला मागच्या सीटवर बसवायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून लांब गाडी. म्हणून अर्धी वीत.

गाडी घरी आली. हाइलिनने मागचं दार उघडून वर हात धरला, अगदी पानसारखा. "या बाबा."

उस्तादांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, टायरला लाथ मारून पाहिली आणि पुढचं दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"बाबा, मागे बसा ना!"

"चालवतोय कोण?"

"मी."

"मग मागे कसा बसू? पगारी ड्रायव्हर असेल तर मान मागे, उजवीकडे, ड्रायव्हरच्या तिरप्या बाजूला. घरचा माणूस चालवत असेल तर मान त्याच्या शेजारी. पोटच्या पोराच्या गाडीत मागे बसलो तर तू माझा ड्रायव्हर झालास की रे! बावीस वर्षं हेच तर पाळलं मी. मला शिकवतोस होय?"

नियम बरोबर होता. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. हाइलिनलाही ठाऊक होता, फक्त पाय पसरण्याच्या आनंदात विसरला होता. पुढचे तीन महिने तर त्याला तो नियम पदोपदी आठवत राहिला. बाहेरगावचा व्यापारी आला, तो पुढे बसला. "तुम्ही स्वतः चालवताय मालक, मी मागे कसा बसू? मला लाज नाही का?" बँकेचे मॅनेजर आले, ते पुढे. हाइलिनची आत्या आली, ती गुडघे दुखत असतानाही पुढे, पाय दुमडून. आखूड गाडी घेतली असती तर लोक हसले असते, आणि लांब घेतली तर तिच्या लांबीत कुणी पाय ठेवायला तयार नाही. मागच्या सीटचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. कधीकधी जेवण झाल्यावर हाइलिन एकटाच अंगणात उभ्या गाडीत मागे जाऊन बसायचा. युएमेई स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "पोचलात का हो साहेब?"

वाढदिवस जवळ आला तसा त्याने उपाय काढला. पगारी ड्रायव्हरच आणायचा! म्हणजे नियमही पाळला जाईल आणि बाबाही मागे बसतील. दारू प्यायलेल्या लोकांच्या गाड्या घरी पोचवणारी पोरं आमच्याकडे मोबाईलवरून मागवता येतात. त्यातला एक त्याने भर दुपारी मागवला, पांढरे हातमोजे घालून यायला सांगितलं.

युएमेई म्हणाली, "मी चालवते ना."

"तू घरची आहेस. परत तोच नियम."

तिने व्हॅनमध्ये दारूच्या बाटल्या भरल्या आणि वाढदिवसाची पंगत ठेवली होती त्या हॉटेलवर पुढे निघून गेली.

ड्रायव्हर आला. स्वतःची घडीची विजेची स्कूटर त्याने डिकीत ठेवली. पुढची शेजारची सीट बटण दाबून पार पुढे ढकलली गेली, आणि तिच्यावर वाढदिवसाची परात आली. तिच्यात दीर्घायुष्यासाठी करतात त्या वाफवलेल्या पिठाच्या गुलाबी पीच फळांचा सत्तर नगांचा डोंगर होता. मग उस्ताद नवा लाल कोट घालून आले. ड्रायव्हर अनोळखी, पगारी, हातमोजे घातलेला. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. ते मागे, उजवीकडे बसले. हाइलिन त्यांच्या डावीकडे.

"कसं वाटतंय बाबा?"

"थांब. अजून हललीये कुठे?"

गाडी हलली. पहिल्या वळणाला उस्तादांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला.

"बाळा, ब्रेक वळणाच्या आधी. वळणात नाही."

"हो आजोबा."

"पुढे ट्रक आहे."

"दिसला आजोबा."

"दिसला तर मग अंतर ठेव. परातीतले पीच घरंगळतायत."

दुसऱ्या वळणाला उस्ताद पुढच्या सीटला धरून वाकले होते. "किती वर्षं चालवतोस?"

"चार."

"चार! अरे, चार वर्षं मी नुसती गाडी धूत होतो!"

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. हातमोजे काढले, नीट घडी करून सीटवर ठेवले, डिकीतून स्कूटर काढली आणि उलगडली. "आजोबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुम्हीच चालवा," असं म्हणून तो गेला सुद्धा.

हाइलिन धावत पुढे गेला, पण ड्रायव्हरच्या सीटवर उस्ताद आधीच बसले होते. हातमोजे चढवून आरसा जुळवत होते. तीन महिन्यांत त्यांचा चेहरा इतका खुललेला कुणी पाहिला नव्हता.

"बाबा, उतरा! आज तुमचा वाढदिवस आहे!"

"म्हणूनच उशीर नको. बस लवकर."

बसायचं कुठे? पुढच्या सीटवर पीचांचा डोंगर. आमच्याकडे चाक डावीकडे आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे डावीकडच्या दाराजवळून ट्रकांची रांग चाललेली. हाइलिन निमूटपणे उजवीकडून मागे चढला.

हॉटेलच्या पायऱ्यांवर साठेक माणसं मोबाईल उंच धरून उभी होती. मधोमध काठी टेकून खुद्द गंग साहेब, वय एक्याऐंशी. लाल गालिचा होता, फटाक्यांची माळ पेटली होती. लांब काळी गाडी अशी सुरेख वळली की परातीतला एक पीच हलला नाही, आणि मागचं उजवं दार बरोबर गालिच्याच्या मध्यावर येऊन थांबलं. माणसाला सवय असते हो. उस्ताद खाली उतरले, गाडीला पुढून वळसा घातला, पांढऱ्या हातमोज्याने मागचं दार उघडलं आणि दुसरा हात दाराच्या वर धरला.

आतून हाइलिन बाहेर आला.

फटाके नेमके तेव्हाच संपले.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "बापाला ड्रायव्हर करून आला हा!"

"आत्या, तसं नाहीये, झालं काय की..."

"दिसतंय की काय झालंय ते! सत्तरीच्या म्हाताऱ्याला हातमोजे घातले आणि स्वतः पाय पसरून आला!"

साठ मोबाईलांवर हे चित्र उतरलं होतं. सूप टेबलावर यायच्या आत ते नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलं. हाइलिनने प्रत्येक टेबलाशी जाऊन खुलासा केला आणि प्रत्येक खुलाशाला एक पेला रिचवावा लागला. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, "पण मग मागे तूच कसा होतास?" बापाला मान द्यायला निघाला होता बिचारा, आणि साऱ्या गावासमोर त्याच्याच हातून अपमान झाला. दीर्घायुष्यासाठी वाढदिवसाला खातात ती लांब शेवई त्याच्या घशाखाली उतरेना. डोळे भरून आले होते, पण लोकांना वाटलं, चढली.

तीन वाजता पंगत उठली. बाप प्यायलेला, लेक प्यायलेला. गंग साहेबांनाही घरी सोडायचं होतं. फक्त पाण्यावर राहिलेली युएमेई किल्ली घेऊन आली. ती एकटीच चालवू शकणार होती, तेव्हा नियमाबिमाचं कुणी नाव काढलं नाही. रिकामी परात डिकीत गेली.

उस्तादांनी सवयीने मागचं उजवं दार उघडलं. "या साहेब."

गंग साहेबांनी त्या ऐसपैस सीटकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. "मी पुढे बसतो."

"छे! साहेब आणि पुढे? ही लांब गाडी आहे. पाय पसरा, झोपा मस्त पूर्वीसारखे."

"झोपा? कोण झोपत होतं?"

उस्ताद बघतच राहिले. "तिसऱ्या वळणाला... रोज... डोळे मिटून..."

"अरे दुआन, मला गाडी लागते!" साहेब काठी आपटून म्हणाले. "मागे बसलं की पोटात नुसतं ढवळायचं. डोळे मिटून बावीस वर्षं काढली. पुढे बसायची फार इच्छा व्हायची, पण साहेबाने पुढे बसलेलं कुठं चालतं? आता निवृत्त झालो. आता मी पुढेच बसणार."

आणि ते पुढे जाऊन बसलेसुद्धा, आणि पट्टा लावून घेतला.

उस्ताद दार धरून तसेच उभे होते. बावीस वर्षांचा अभिमान एका वाक्यात गेला होता. हाइलिनला त्यांच्याकडे बघवेना. साहेबांच्या ते बहुधा लक्षात आलं. काच खाली करून ते जरा हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्यांच्या गाडीत खिशात पिशवी घेऊन बसायचो मी. तुझ्या गाडीत ती कधी काढावी लागली नाही. एकदाही नाही."

उस्तादांनी नाक ओढलं, हातमोजे काढून खिशात घातले आणि मागे, उजवीकडे जाऊन बसले. पाय पसरले. कुठेच काही लागलं नाही.

युएमेईने गाडी काढली. नऊ वर्षं बाटल्या वाहिलेला हात तो, आणि त्याला चाक धरायला शिकवलं होतं उस्तादांनीच. वळणाच्या आधी ब्रेक, ट्रकपासून अंतर. पुढे साहेब लहान मुलासारखे काचेला चिकटले होते. "अरे, हा सिमेंटचा कारखाना होय? एवढा मोठा आहे?"

तिसऱ्या वळणाला हाइलिनने शेजारी पाहिलं. उस्तादांनी डोळे मिटले होते, मान मागे टेकली होती. हाइलिनचा ऊर भरून आला. सगळा दिवस, सगळी बोलणी, सगळे पेले वसूल झाले. तो पुढे वाकून कुजबुजला, "युएमेई, हळू. बाबा झोपलेत."

"झोपलो नाहीये," उस्ताद डोळे न उघडता म्हणाले. "बोलू नकोस. मळमळतंय."

"बाबा! गाडी थांबवू का? पुढे बसता?"

"गप बस. युएमेई, घरी सरळ नको नेऊस. बाजारपेठेतून घे आणि आमच्या जुन्या कचेरीच्या फाटकावरून. या वेळेला सगळे ओट्यावर बसलेले असतात."

"पण बाबा, तो लांबचा रस्ता आहे. तुम्हाला त्रास होईल."

"साहेबांनी बावीस वर्षं काढली," उस्ताद म्हणाले, "मला काय अर्धा तास जमणार नाही? आणि पडदा उघड रे हाइलिन. फाटकापाशी आलो की सांग, तेवढ्यापुरते डोळे उघडतो."