उधोजी साळिंदर आणि आकाशातून पडलेलं डबकं

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. फक्त अभिमान वाटावा असं काही नव्हतं.

शेजारच्या जंगलात धबधबा होता. त्याच्या पलीकडच्या जंगलात पांढरा मोर होता. या जंगलात पाहुणे आले की राजा वाघ त्यांना चिंचेचं एक वाकडं झाड दाखवायला न्यायचा. पाहुणे म्हणायचे, "वा, बरंच वाकडं आहे." आणि जेवायला न थांबता निघून जायचे. वाघाला हे फार लागायचं.

या जंगलात उधोजी नावाचं एक साळिंदर राहत होतं. मुळं उकरून खाणं हा उधोजीचा धंदा, आणि आकाशातून पडलेल्या दगडांच्या खुणा शोधणं हा त्याचा छंद. दूर लोणारला फार फार पूर्वी आकाशातून एक दगड कोसळला, जमिनीला मोठं गोल विवर पडलं आणि त्याचं तळं झालं, असं त्याला एका भटक्या बगळ्यानं सांगितलं होतं. तेव्हापासून काहीही गोल दिसलं की उधोजीच्या अंगावर काटा यायचा. आता साळिंदराच्या अंगावर काटा आला की त्रास शेजाऱ्याला होतो. त्याची बायको द्वारका त्याच्यापासून जरा लांबच बसायची.

एकदा उधोजी मुळं शोधत टेकडीवर चढला. वर पोचून त्यानं खाली पाहिलं. खाली झाडीत रानम्हशींचं डबकं होतं. जवळून ते डबकं म्हणजे नुसता चिखल. पण टेकडीवरून ते गोल दिसत होतं. परातीसारखं गोल.

उधोजीच्या अंगावर असा काटा आला की मागचं करवंदीचं झुडूप सोलून निघालं.

तो धावत खाली आला. डबक्यात रानम्हशींची म्होरकी चंद्राक्का नाकापर्यंत बुडून बसली होती.

"अक्का," उधोजी धापा टाकत म्हणाला, "तुम्ही कशात बसला आहात, ठाऊक आहे का?"

"चिखलात," चंद्राक्का म्हणाली.

"विवरात बसला आहात. इथे आकाशातून दगड पडला होता."

"नाही हो, भाऊ. हे आमच्या आजीनं लोळून लोळून केलंय. ती मधोमध लोळायची आणि बाकीच्या तिच्याभोवती. म्हणून ते गोल झालं."

"तुमची आजी आकाशातून आली होती का?"

चंद्राक्कानं नीट आठवून पाहिलं. "नाही. ओढ्यापलीकडून आली होती."

"मग कसं जमेल?" उधोजी म्हणाला, आणि राजाकडे निघाला.

वाघ तेव्हा पाहुण्यांना चिंचेचं झाड दाखवून नुकताच परत आला होता. त्याचं मन खट्टू होतं. उधोजीचं बोलणं ऐकून तो उठून उभा राहिला.

"म्हणजे सगळं आकाश मोकळं असताना त्या दगडानं आपलं जंगल निवडलं?"

"असं म्हणता येईल, महाराज."

"असंच म्हणू," वाघ म्हणाला.

बातमी पसरली. मग काय, बाळांनो, ज्याला त्याला विवर सापडू लागलं. सशाला दारातच सापडलं. अस्वलाला अंथरुणात सापडलं, नेमकं त्याच्याच मापाचं. एका वानराला धाकट्या भावाच्या डोक्यावर खळगा सापडला. तो आदल्या दिवशी नव्हता. धाकट्यानं रडत रडत सांगितलं की तो दगड आकाशातून नाही, दादाच्या हातून आला होता. पण घरातल्या माणसाची साक्ष कोण धरतो?

शेजारच्या जंगलाचा राजा बिबट्या होता. त्यानं निरोप धाडला, "तुमच्या विवराबद्दल ऐकून आनंद झाला. पुरावा काय?"

वाघानं उधोजीला विचारलं, "पुरावा काय?"

"गोल आहे," उधोजी म्हणाला.

"एवढंच?"

उधोजीला घाम फुटला. त्यानं कावळ्याला सांगितलं, दगड शोध. कावळ्यानं कुठूनसा एक काळा, चकचकीत, छिद्राछिद्रांचा दगड आणला. तो जड होता आणि विचित्र होता. उधोजी त्याला रोज गवतानं पुसायचा.

शेवटी वाघानं तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञ म्हणजे म्हाळसाबाई घोरपड. त्या खडकांच्या मोठ्या जाणकार होत्या, आणि ते त्या स्वतःच सांगायच्या. त्यांच्या गळ्यात एक भिंग लटकत असे. सगळं जंगल डबक्याभोवती जमलं. म्हाळसाबाई सावकाश एक फेरी मारून आल्या. मग त्यांनी कावळ्याचा दगड चाटला.

"हे लोहाराच्या भट्टीतलं कीट आहे," त्या म्हणाल्या. "लोखंड तापवलं की मळ निघतो, तो."

सगळ्यांनी कावळ्याकडे पाहिलं. कावळ्यानं झाडाकडे पाहिलं.

"पण बाई, हे गोल आहे," उधोजी म्हणाला.

"गोल तर भाकरीही असते," म्हाळसाबाई म्हणाल्या. "ती काय आकाशातून पडते? नीट ऐका. आकाशातून मोठा दगड आदळला की आधी खड्ड्याचा काठ वर उचलला जातो. खालचा खडक चुरडतो. काही ठिकाणी तो वितळून काचेसारखा होतो. दगडांवर घोड्याच्या शेपटीसारख्या रेघा उमटतात, एका टोकापासून पसरत गेलेल्या. आणि वाळूचा कण भिंगाखाली धरला तर त्याच्या पोटात बारीक समांतर रेघा दिसतात. तसला मार दुसऱ्या कशानंच बसत नाही. यातलं इथे काय आहे?"

उधोजीचे काटे हळूहळू खाली बसले.

"म्हणजे हे विवर नाही," वाघ बारीक आवाजात म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे चिंचेचं झाड आलं.

तिथेच बाई थांबल्या असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्या जाणकार होत्या.

"नाही असं मी म्हणाले नाही, महाराज. वर पुरावा नाही, इतकंच म्हणाले. खाली असू शकतो."

उधोजीचे काटे एका झटक्यात उभे राहिले. शेजारचा ससा विव्हळला.

"खणा," वाघ म्हणाला.

चंद्राक्का चिखलातून उठली. ती सहसा उठत नसे, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले.

"महाराज, उन्हाळा तोंडावर आलाय," ती म्हणाली. "नदी आटली की एवढंच पाणी उरतं. पुरावा पावसाळ्यानंतर शोधला तर नाही का चालणार? इतका जुना आहे म्हणता, तर तो काय आता पळून जाणार आहे?"

बोलणं बिनतोड होतं. म्हणून कोणी त्याला उत्तर दिलं नाही.

"अक्का, हा साऱ्या जंगलाच्या अभिमानाचा प्रश्न आहे," वाघ म्हणाला. "तुम्ही तात्पुरत्या कडेला बसा."

चंद्राक्का कडेला बसली. अस्वलं आणि रानडुकरं खणू लागली. उधोजी सर्वांत पुढे होता. दिसेल तो खडा तो म्हाळसाबाईंच्या भिंगाखाली धरायचा. "नाही," बाई म्हणायच्या. तो दुसरा धरायचा. "नाही," बाई म्हणायच्या. चिखल उपसला. चिखलाखाली चिकणमातीचा जाड थर लागला. म्हशींच्या कित्येक पिढ्यांनी तुडवून तुडवून तो रांजणाच्या बुडासारखा घट्ट केला होता.

"याच्याखाली असणार," उधोजी म्हणाला आणि त्यानं तो थर फोडला.

खाली मुरूम होता.

बुडबुड असा आवाज आला. उधोजीच्या पायाशी पाणी गोल गोल फिरू लागलं. त्याला वाटलं, पुरावा वर येतोय. पण वर काही आलं नाही. पाणीच खाली गेलं. सगळं गेलं. तळाशी दोन बेडूक उरले. ते एकमेकांकडे बघत होते.

उधोजीनं मुरमातला एक खडा उचलला आणि मुकाट्यानं पुढे केला.

"मुरूम," म्हाळसाबाई म्हणाल्या.

उधोजी रिकाम्या खड्ड्यात उभा राहिला. त्यानं वर पाहिलं. काठावर चंद्राक्का उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ती रागावली नाही. तिनं फक्त कळपाला हाक मारली आणि सगळ्या म्हशी ओढ्याच्या दिशेनं निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बिबट्या पुरावा बघायला आला. त्यानं पाहिलं तर खोल गोल खड्डा, आणि भोवती उंच उचललेला काठ. काठ अर्थातच उपसलेल्या मातीचा होता.

"अरे वा," बिबट्या म्हणाला. "काठ चांगलाच उचललाय की." त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, तेही मत्सरानं. धबधबा त्याला एकदम किरकोळ वाटू लागला.

म्हाळसाबाई वाघाच्या कानाशी लागल्या. "महाराज, हा काठ कालचा आहे."

"बाई, काल म्हणजे भूतकाळच ना?" वाघ म्हणाला. "मग प्राचीनच म्हणायचं."

म्हाळसाबाईंनी मान हलवली. अधिक संशोधनाची गरज आहे, एवढं बोलून त्या दुसऱ्या जंगलात गेल्या.

मग उन्हाळा आला. नदी आटली. विवर बघायला लांबून लांबून पाहुणे यायचे. काठावर उभे राहायचे, थक्क व्हायचे आणि म्हणायचे, "फारच भव्य. प्यायला पाणी मिळेल का?" वाघ दुसरीकडे बघायचा. हळूहळू पाहुणे यायचे थांबले. सशाची पोरं पानांवरचं दव चाटू लागली. वाघाची डरकाळी घशातच अडकू लागली.

एका सकाळी कावळा बातमी घेऊन आला. ओढ्यापलीकडे पाणी आहे.

सगळं जंगल निघालं. राजा पुढे, आणि उधोजी सगळ्यांच्या मागे, कारण त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ओढ्यापलीकडे एका ओलसर जागी चंद्राक्काच्या कळपानं लोळून लोळून नवं डबकं केलं होतं. चंद्राक्का मधोमध बसली होती. तिनं राजाला पाहिलं. तिला बोलण्यासारखं खूप होतं. ती सरकली आणि तिनं जागा करून दिली.

सगळे प्यायले. वाघ प्यायला, अस्वल प्यायलं, सशाची पोरं प्यायली. शेवटी उधोजी काठाशी आला. तो डोळे मिटून घटाघटा प्यायला. मग त्यानं डोळे उघडले, मान वर केली आणि पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

डबकं गोल होतं. परातीहून गोल. आजवर उधोजीनं इतकं गोल काही पाहिलं नव्हतं.

त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. खर्रकन आवाज झाला. सगळ्यांनी पाणी प्यायचं थांबवलं. वाघाची जीभ बाहेरच राहिली. रानडुकरांनी नकळत एकमेकांच्या सुळ्यांकडे पाहिलं.

"काय बघताय, भाऊ?" चंद्राक्कानं विचारलं.

उधोजीनं डबक्याकडे पाहिलं. मग सशाच्या पोरांकडे पाहिलं.

"काही नाही, अक्का," तो म्हणाला. "लंबगोल आहे."

आणि त्यानं पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

तात्पर्य: प्रत्येक गोष्टीच्या खोलात जावं, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील, बाळांनो. त्यांचं ऐका. फक्त ज्या गोष्टीत पाणी आहे, तिच्या खोलात जाऊ नका. आणि पुरावा हवाच असेल, तर आधी शेजारच्या जंगलात खणून बघावं.