मोडकी पोळी, एकोणसत्तर ग्रॅम

आमच्या घरच्या सत्यनारायणाला जगुनाना आले, देवापुढे वाकले, प्रसादाचा द्रोण हातात घेतला आणि सदऱ्याच्या खिशातून वजनकाटा काढला. सोनाराकडे असतो तसला, तळहाताएवढा. द्रोण त्यावर ठेवून आकडा स्थिर होईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला. मग एक रिकामा द्रोण मागवून त्याचं वजन वजा केलं, वहीत नोंद केली आणि मगच शिरा तोंडात घातला. आरतीचं तबक घेऊन उभे असलेले गुरुजी मंत्र विसरले.

"वहिनी, तूप किती?" नानांनी माझ्या बायकोला विचारलं.

सुधा म्हणाली, "सव्वा वाटी. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा."

नानांचा चेहरा उजळला. "बघा," ते मला म्हणाले, "आपल्याकडे मापात रांधलेलं खाणारा हा एकच देव. बाकी सगळा अंदाजाचा कारभार."

'अंदाजे' हा शब्द नानांना शिवीसारखा लागायचा. नोकरी संपल्यावर आम्ही मुंबई सोडून वसईजवळ सांडोरच्या कडेला फ्लॅट घेतला, तेव्हा आमच्या मागच्या कुंपणाला लागून त्यांची वाडी होती. केळी, नारळ, अळू आणि मांडवावर पडवळ. मी सहज विचारलं, "नाना, नारळाची झाडं किती असतील, अंदाजे?" ते म्हणाले, "अंदाजे माहीत नाही. सत्तावीस आहेत."

वाडी वडिलोपार्जित, पण नानांचा जन्म गेला गोखिवऱ्याला, नट-बोल्टच्या एका लहानशा कारखान्यात. तिथे ते मापं तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी नट लाल पेन्सिलीने खूण करून बाद. ती लाल पेन्सिल निवृत्तीनंतरही खिशातच राहिली. आमच्या इमारतीच्या जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, हे त्यांनी तिच्यावर लाल फुली मारून आम्हाला कळवलं होतं. मी त्या पायरीला रोज अडखळत होतो, पण दोष माझ्या वयाला देत होतो.

अशा माणसाकडे एक दिवस प्रणाली आली.

प्रणाली जवळच्याच चांदीप गावची. एका वैद्यकीय संस्थेचा मोठा अभ्यास आमच्या भागात सुरू झाला होता. लोक काय खातात, त्यांची साखर, रक्तदाब, कंबर वर्षानुवर्षं कशी बदलते, कुणाला मधुमेह होतो आणि कुणाला होत नाही, हे सगळं नोंदवायचं. दर तीन महिन्यांनी स्कूटरवर काटा, टेप आणि रक्ताच्या नळ्या घेऊन ती यायची. लोक तिला टाळायचे. मीही टाळलं, कारण माझी कंबर हा मी सार्वजनिक करावा असा विषय नाही. नानांनी मात्र तिला बसवलं, पाणी दिलं आणि फॉर्म तीनदा वाचून सही केली.

"नाना, दिवसाला पानी किती पिता?" तिने पहिलाच प्रश्न विचारला.

"उन्हाळ्यात की पावसाळ्यात?" नाना म्हणाले. त्या क्षणी त्या मुलीला कळलं असणार की आपल्या हाती काय लागलंय.

जाताना तिने जेवणाची वही दिली आणि सगळ्यांना सांगायची तेच सांगितलं, "नेहमी जेवता तसंच जेवा. आमच्यासाठी काही बदलू नका." तिच्या लेखी ती साधी सूचना होती. नानांनी ती नोकरीच्या नेमणूकपत्रासारखी घेतली. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं; मी म्हटलं, चला बरोबर. म्हणाले, "आता जमणार नाही. मी नमुना आहे. नमुन्याने मधेच चालायला लागून कसं चालेल?" अभ्यासाच्याच डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे अभ्यासातर्फे सांगताय की डॉक्टर म्हणून?" डॉक्टर म्हणून, असं लेखी आल्यावर चहातली साखर दोन चमच्यांवरून एकावर आली. ती कधी आली, ती वेळही वहीत आहे.

या सगळ्याचा जाच नानांच्या बायकोला, कुसुमकाकींना. अभ्यासाला किती वाट्या खाल्ल्या एवढंच हवं होतं, पण नाना शिजायच्या आधीचंही लिहीत. वाल किती, गूळ किती, खोबरं किती. काकी चुलीपाशी आणि नाना काटा घेऊन मागे उभे. शिवाय वहीची एक नक्कल ते घरच्या लांबड्या वहीत उतरवून ठेवत. कारखान्यात प्रत्येक कागदाची नक्कल ठेवायची सवय होती. घरात दोघं आपल्या बोलीत बोलायची, ती मला निम्मीच कळे. पण काकींचा सूर पूर्ण कळायचा. सुधाला त्या म्हणायच्या, "लग्नात यांनी माझी उंची विचारली नाही. आता चिमूटभर मिठाची चौकशी करतात."

गंमत म्हणजे एवढं करून हिशेब जमत नव्हता. वहीप्रमाणे नानांचं वजन वाढायला नको होतं, आणि ते हळूहळू वाढत होतं. कंबरही. नानांचा संशय प्रणालीच्या काट्यावर गेला. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून शिक्क्याची वजनं आणून त्यांनी तो काटा अंगणात तपासला. काटा बरोबर निघाला. नाना डोकं धरून बसले. काकी विळीवर नारळ खोवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्या वर्षीच्या होळीला आम्ही दोघं त्यांच्याकडे पुरणपोळीला होतो. नाना प्रत्येक पोळी तव्यावरून थेट काट्यावर घेत होते. शेवटी काकी वैतागल्या, उलथनं जोरात फिरलं आणि पोळी फाटली. नानांनी ती शांतपणे मोजली आणि मोठ्याने म्हणत लिहिली, "मोडकी. एकोणसत्तर ग्रॅम." काकी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की पुढची पोळी करपली. तिचंही वजन झालं.

दिवाळी सरली आणि काकींना ताप आला. न्यूमोनिया निघाला. आठ दिवसांत त्या गेल्या.

मुलगा बंगळूरला असतो. दिवसकार्य झाल्यावर त्याने हात धरून सांगितलं, बाबा, चला आता. नाना म्हणाले, "अभ्यास वसईचा आहे. तिकडे आलो तर मी बाद." मुलगा चिडला, रडला आणि गेला. तेव्हापासून तो रोज फोन करतो आणि नाना त्याला वहीतून जेवण वाचून दाखवतात.

सुधाने डबा पाठवला, तो परत आला. "नेहमीचं जेवण बदलता येत नाही. मी करतो ना," असं म्हणून नानांनी वही पुढे केली. भात, केळफुलाची भाजी, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं. सगळं ग्रॅमसकट. संक्रांतीला तिळगूळ नेला, तोही परत केला. "वर्ष व्हायचंय अजून, घरात सण नाही." मी सुधाला कौतुकाने म्हटलं, बघ, या वयात माणूस स्वयंपाक शिकला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. कुंपणापलीकडच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत नाही, हे माझ्या नाकाला कळायला हवं होतं. नानांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक मी पाहिलं होतं. ते बरोबर मधोमध आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं.

मधली एक फेरी हुकल्यावर होळीनंतर तीनेक आठवड्यांनी प्रणाली आली, तेव्हा मी अळूची पानं न्यायला तिथेच होतो. तिने वजन केलं. पुन्हा केलं. कंबर तीनदा मोजली. मग वही चाळायला लागली, आणि एका पानावर थांबली.

"नाना, होळीच्या दिवशी तुम्ही भात आनि पडवळाची भाजी लिवलीय."

"मग?"

"आनि होळी होऊन अकरा दिवस झाल्यावर पुरनपोळ्या. तीन. एक मोडकी, एकोनसत्तर ग्रॅम."

माझ्या हातातली पानं तशीच राहिली. ती पोळी मी पाहिली होती. ती गेल्या वर्षीची होती. यंदा होळी अकरा दिवस आधी आली होती आणि पोळी मात्र जुन्या तारखेलाच येऊन बसली होती. शिवाय ज्या घरात तिळगूळ चालत नव्हता, त्या घरात पुरण शिजलं कसं?

नाना उठले. आतून ती लांबडी वही आणली आणि टेबलावर ठेवली.

"रोज सकाळी गेल्या वर्षीची तीच तारीख काढतो," ते म्हणाले. "त्या दिवशी तिने काय केलं होतं ते बघतो आणि उतरवतो. उतरवताना वास येतो."

"आनि जेवता काय?"

"चहा-टोस्ट. कधी केळं."

प्रणालीचे डोळे भरले. नाना तिच्याकडे न बघता म्हणाले, "तूच म्हणाली होतीस, काही बदलू नका. मला दुसरं कसं जमणार होतं?"

मग त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली. काकी गेल्या त्या दिवसापासूनचं एकेक पान उलटत प्रत्येकावर फुली मारली. आम्हा दोघांचीही त्यांना थांबवायची हिंमत झाली नाही. शेवटच्या पानाशी ते म्हणाले, "खोटं माप आहे. मला बाद कर. तुझ्या जागी मी असतो तर केलं असतं."

"पानं बाद, नाना. तुम्ही नाय," प्रणाली म्हणाली. "आमच्यासाठी बदलू नका असं म्हनाले होते मी. घरचं मानूस गेल्यावर जेवन बदलतंच. तेच तर लिवायचं असतं. सगळे खोटं लिवतील तर आमाला कळनार कसं, मानसं आजारी का पडतात ते? तुमच्या रक्तात खरं आलंच असतं, वही तेवढी खोटी पडली असती."

नानांनी लाल पेन्सिल खिशात ठेवली. मग त्यांनी कोरं पान काढलं आणि लिहिलं: काल, चहा चार कप, टोस्ट सहा, जेवण नाही. वजन उतरलं होतं म्हणून तिने त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. स्कूटरवर मागे बसलेले नाना वेगाच्या काट्यावर लक्ष ठेवून होते.

मला वाटलं, आता तरी डबा घेतील. पण नानांनी वेगळंच केलं. लांबडी वही उघडली, वालाच्या बिरड्याचं पान काढलं आणि काट्यावर वाल मोजले. काकींचं सगळं स्वयंपाकघर त्या वहीत ग्रॅमाग्रॅमाने उतरलेलं होतं. चार दिवस मागच्या बाजूने भांड्यांचे आवाज आले, करपल्याचे वास आले. पाचव्या दिवशी दुपारी झाकलेली वाटी घेऊन नाना आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, तपासा. मापं सगळी बरोबर, तीनदा केलं. तरी नग बाद होतोय. तिची चव येत नाही."

सुधाने एक घास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "नाना, यात खोबरं कमी आहे."

"वहीत आहे तेवढंच घातलंय."

"वहीत आहे तेवढं नव्हतं. तुमचं मोजून झालं आणि तुमची पाठ वळली की काकी वरून ओल्या खोबऱ्याची आणखी एक मूठ टाकायच्या. रोज. मला म्हणाल्या होत्या, त्यांच्या मापाने रांधलं तर ते उपाशी राहतील."

नाना दारातल्या खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता चिडतील. एवढी वर्षं लिहिलेली प्रत्येक नोंद चुकीची होती. ज्या वजनासाठी त्यांनी वाण्याची वजनं वाहून आणली, ते वजन काकींच्या मुठीतून वाढत होतं. पण ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले आणि मग नुसतेच डोळे पुसत राहिले.

"किती मोठी मूठ?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"त्यांची मूठ, नाना."

नानांनी आपला हात पुढे केला, बोटं मिटली, मूठ उलटसुलट करून पाहिली. "माझी मोठी होईल," ते म्हणाले. "तिची लहान होती."

सुधाने नारळ खोवून ताट पुढे ठेवलं. नानांनी काटा काढला, क्षणभर हातात धरला आणि परत खिशात ठेवला. मग ताटातलं खोबरं उचललं, थोडं परत टाकलं, उरलेलं वाटीत घातलं, ढवळलं आणि चाखलं. वाटी पूर्ण संपवली. मग वही काढून त्यांनी लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मला वाचायला दिली.

वालाचं बिरडं, एक वाटी. ओलं खोबरं, एक लहान मूठ, अंदाजे.