जोयानाचा पातळ चीक

आता नवऱ्याचं बायकोवर प्रेम, म्हणून गाभण गाईने का सोसावं? पण गाव्रिलाला हे सांगणार कोण!

झालं असं, की त्याच्या बायकोचा, वेतुरियाचा, पाय मोडला. ती प्लास्टर घालून खाटेवर, आणि गोठा आला नवऱ्याच्या गळ्यात. जोयाना गाईला (गुरुवारी जन्मली, आणि तिकडे गुरुवारला 'जोय' म्हणतात, म्हणून जोयाना) सातवा महिना संपत आलेला.

"अहो, विण्याआधी दोन महिने तिला आटवायची हं. एक थेंब काढायचा नाही," वेतुरियाने बजावलं.

गाव्रिलाने मान डोलावली. पण पाकिटातल्या दुधाची कॉफी पिताना बायकोने असं काही तोंड केलं, की तो पेला घेऊन थेट गोठ्यात शिरला. रोज एक पेलाच तर काढायचा! (एकाने काय होतंय, असं म्हणूनच माणसं गोत्यात येतात.) पेल्याचा तांब्या कधी झाला, त्यालाही कळलं नाही. बायकोला सांगितलं, दुकान बदललं.

एका रविवारी सकाळी जोयाना व्याली. कालवड झाली, गोजिरवाणी, थरथरणारी. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी चिकाचा थेंब दाटपणा मोजायच्या नळीच्या काचेवर टाकला आणि नळी डोळ्याला लावली.

"बावीस तरी हवा. हा चौदा! नुसतं पाणी. गाय आटवली नव्हती का?"

"आटवली होती..." गाव्रिला बुटांकडे बघत म्हणाला, "जवळजवळ."

"रोगाशी लढायची ताकद वासराला या चिकातूनच मिळते. दोन-चार तासांत दाट चीक पोटात गेला नाही, तर ही पोर जगेल असं मी सांगू शकत नाही."

दाट चीक होता शेजारच्या सावेताकाकूकडे. तिची पाच वेतांची गाय त्याच पहाटे व्यालेली. गाव्रिला किटली घेऊन धावला.

"शुद्धीवर आहेस का मेल्या?" सावेताकाकू फाटकातच कडाडली. "पहिल्या धारेचा चीक घराबाहेर दिला की गाईची बरकत जाते. शिंगांना लाल गोंडे काय हौसेने बांधलेत मी?"

"काकू, पोर मरेल हो!"

"मरो म्हणतेय का मी? पण फाटकाबाहेर थेंब जायचा नाही."

"आणि फाटकाच्या आत?"

सावेताकाकूने फाटकाची कडी काढली. याबद्दल तिच्या आजीने काहीच सांगून ठेवलं नव्हतं.

गाव्रिलाने कालवड लग्नाच्या कोटात गुंडाळली (हाताला तोच लागला) आणि उराशी धरून पळत सुटला. मागून दावं तोडून हंबरत जोयाना, तिच्या मागून कुबड्या टेकत वेतुरिया: "अहो, कोट! कोट!" चर्चमधून परतणारी माणसं छातीवर क्रूसाची खूण करत बाजूला झाली.

फाटकाच्या आत सावेताकाकूने आपल्या गाईच्या चिकाची बाटली वासराच्या तोंडाला लावली. कालवडीने आधी मान फिरवली, मग चुकचुक करत बाटलीला अशी लुचली, की सोडेना. काकूने पुटपुटत तिच्याही गळ्यात लाल गोंडा बांधला. ते बघून गाव्रिला गवतावर मटकन बसला आणि चक्क रडायला लागला.

"माझंच पाप गं. दोन महिने चोरून धार काढत होतो. तुझ्या कॉफीसाठी."

वेतुरियाने डोक्याचा रुमाल सोडून त्याचे डोळे पुसले. तिचेही भरून आले होते.

"तरीच मेले गाईचे केस निघायचे पेल्यात! मला वाटलं, नवा दुकानदार किती प्रामाणिक, दूध खरंच गाईचं देतो. रोज प्रार्थनेत त्या बाबाचं नाव घेत होते हो मी. तुमचं तेवढं राहूनच गेलं."