कुलूपरावांचा पाठमोरा फोटो

"मी इथे असेपर्यंत या कंपनीतली टाचणीसुद्धा इंटरनेटवर दिसणार नाही!"

पंख्यांच्या कंपनीत सोशल मीडियाचे नियम सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे कुलूपरावच म्हणत. नवा पंखा बाजारात यायचा होता. त्याचं चित्र आधीच फुटलं तर फोडणाऱ्याची नोकरी गेलीच समजा, असा दम सगळ्यांना भरून ते जागेवर आले, तोच मावशीचा फोन!

"अरे, तुझ्या बाबांचं स्टेटस पाहिलं! घरीसुद्धा किती रे काम करतोस!"

कुलूपरावांनी घाईने स्टेटस उघडलं. आदल्या संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलावर काम करत असताना बाबांनी मागून गुपचूप फोटो काढला होता. खाली लिहिलं होतं, 'माझा कर्तबगार मुलगा'. आणि कर्तबगार मुलाच्या लॅपटॉपवर? नवा पंखा!

त्यांनी तडक बाबांना फोन लावला. "बाबा, तो फोटो आधी काढून टाका!"

"का रे? चांगला आलाय की! पोटसुद्धा दिसत नाहीये."

"माझी नोकरी जाईल, बाबा!"

"थांब, थांब... हे दाबतो... अरेच्चा! फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर गेला वाटतं."

त्या ग्रुपवरचे एक काका म्हणजे प्रतिस्पर्धी पंखा कंपनीच्या विक्रीप्रमुखाचे सासरे!

"तिथून डिलीट करा! लगेच!"

"केला बघ! आता मला अजिबात दिसत नाहीये."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांना दिसतोय ना! जोशात अंगठे देतायत!"

इतक्यात साहेबांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये पाऊल टाकताच त्यांनी सगळं भडाभडा ओकून टाकलं आणि बाबांच्या वतीने दोनदा माफीही मागितली.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी तर तुमच्या रजेचं विचारायला बोलावलं होतं. कुठला फोटो? दाखवा!"

कुलूपरावांनी फोन पुढे केला. बाबांनी ग्रुपवरची उत्तरंही कौतुकाने त्यांना पाठवली होती. साहेबांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा वर सरकवला.

"यात पंखा कुठाय?"

"तो... स्क्रीनवर, साहेब."

"हा? मला फूल वाटलं! तेही अर्धं तुमच्या डोक्याआड." मग साहेब ग्रुपवरची उत्तरं मोठ्याने वाचू लागले. "'पोरगा वाळलाय हो.' 'मागून डोकं पार मोकळं झालंय.' 'लग्नाचं लवकर बघा.' अहो, पंख्याकडे कुणाचं लक्षच नाही!"

कुलूपरावांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच साहेब पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"माझ्या धाकट्या भावाचंही असंच सुरू झालंय. तुम्ही केसांना... काही लावता का?"