ब्रेक कुठं असतात?

दारात कुणाचीही मोटार येऊन थांबली, की आमचे सांगलीचे मामा आधी तिच्या चाकाला हात लावून बघत. पाहुणा नमस्कारासाठी हात जोडून उभा असे आणि मामा धोतर सावरत, वाकून, चाकाच्या मध्यावरचा ब्रेकचा गोल डबा चाचपत असत. चारही डबे सारखेच तापलेले असले तर "या, बसा". एखादा जास्त गरम लागला, तर चहाच्या आधी उपदेश.

मामा पेशानं वकील. स्वतःची जुनी मोटार ते स्वतःच हाकत, पण ती चालते कशी याची त्यांना काडीचीही उत्सुकता नव्हती. "चालायला काय, उतारावर दगडसुद्धा चालतो. थांबायचं कसं, ते आधी बोला," असं ते म्हणत. मामींना याचा फार वैताग. "देवाला फूल वाहायच्या आधी ह्यांचा हात ब्रेकला लागतो. उद्या चाकाला हळदकुंकूही लावतील."

ब्रेक चाकातच का बसवतात, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. "रस्त्याला टेकलंय कोण? चाक. मग थांब म्हणून सांगायचं कुणाला? चाकालाच. मधल्या दांड्याला सांगितलं आणि तो दांडाच मोडला, म्हणजे? निरोप्याच मेला की!" हाताच्या ब्रेकच्या सळया पायाच्या ब्रेकपासून वेगळ्या का, तर एकीनं दगा दिला तरी दुसरी असावी. "आणि पळवायचं न् थांबवायचं, दोन्ही उजव्या पायाकडेच का? दोन्ही एकदम करता येऊ नये म्हणून. माणसाची अक्कल ओळखून केलंय ते!"

त्यांच्या थोरलीला बघायला एक मुलगा आला, तो वडिलांच्या मोटारीतून. मामांनी शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. "तुमच्या गाडीचे ब्रेक कुठं असतात?" मुलगा हसून म्हणाला, "पायाखाली." मामा उठले आणि आत जाऊन मामींना म्हणाले, "पोहे खाऊ दे त्याला. पण हा नको. पायाखाली नुसता दट्ट्या असतो."

लढाईच्या दिवसांत मी सांगलीला त्यांच्याकडे राहून कॉलेजात शिकत होतो. पेट्रोल जपून वापरावं लागे, म्हणून मोटार बहुधा दारातच असे. एका सकाळी साताऱ्याहून आमचे शेजारी निरोप घेऊन आले. आईचा ताप उतरत नव्हता आणि डॉक्टरांनी जवळच्यांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं. आई मामांची धाकटी बहीण, ते तिला चिमा म्हणत. आईवडील लवकर गेल्यामुळं मामांनीच तिला वाढवलेलं. मामांनी वकिलीचा काळा कोट चढवला, जपून ठेवलेलं सगळं पेट्रोल ओतलं आणि आम्ही दोघं निघालो.

आष्ट्याला त्यांनी गाडी थांबवली, उतरून चारही चाकं चाचपली. मी समजू शकलो. इस्लामपूरला पुन्हा थांबवली. कऱ्हाड ओलांडल्यावर तर थांबायचं काही धरबंधच राहिला नाही. सपाट रस्ता, पुढं माणूस नाही, बैल नाही, तरी गाडी कडेला. मी मनातल्या मनात आईशी बोलत होतो, की आलोच, थोडी थांब. सूर्य कलत होता. उसाची बैलगाडी घेऊन चाललेला एक शेतकरी आमच्या शेजारून पुढं गेला. आधीच्या एका थांब्यालाही तो असाच पुढं गेला होता. या खेपेला त्याला राहवलं नाही.

"आवं वकीलसायेब, गाडी बसलीया का तुमीच बसलायसा? म्हागनं बांधू का माज्या?"

मामा हसले नाहीत. गाडी पुन्हा सुरू झाली आणि थोड्याच वेळात पुन्हा थांबली. मग मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. "मामा, ब्रेक चांगले आहेत! आई तिकडं..."

मामा चाकाशी उकिडवे बसले होते. हात डब्यावर ठेवलेला, पण लक्ष तिथं नव्हतं.

"ब्रेकला काही झालेलं नाही रे," ते म्हणाले. "मला कळतंय ते. पण घरी पोचलो, की दारातच कुणीतरी काहीतरी सांगणार. इथं रस्त्यावर आहोत, तोवर चिमा आहे."

मला मोटार हाकता येत नव्हती. मी त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं, गाडीत बसवलं आणि दार लावलं. साताऱ्यापर्यंत मग ते एकदाही थांबले नाहीत.

आमच्या दारात माणसं उभी होती. मी कुणाकडं न बघता ओटा चढलो. आतून आईचा आवाज आला. बारीक, घोगरा, पण तिचाच. ती काकूंवर चिडली होती, पेजेत मीठ नाही म्हणून.

मी धावत बाहेर आलो. मामा अजून गाडीपाशीच होते.

"मामा, चला, आई..."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि तिथंच, पांढऱ्या धोतरानिशी, रस्त्याच्या धुळीत खाली बसले.

"तू जा आत," ते म्हणाले. "बोलू दे तिला जरा. मी इथूनच ऐकतो."