मोर्णेतली उडी, पान एकेचाळीस

मी कूलरचं गवत बदलत होतो, तेव्हा फोन आला. मार्चअखेरीला अमरावतीत याहून महत्त्वाचं काम नसतं. अकोल्याहून माझी मेहुणी ललिता बोलत होती.

"भाऊजी, चांगली बातमी आहे. जुन्या शहरातल्या आपल्या वाचनालयात साधनाताईचं नाव देऊन राहिले."

"वाचनालयाला?"

"कपाटाला."

साधना माझी बायको. माहेर अकोल्याचं. तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं ती शाळेत विज्ञान शिकवत होती आणि उरलेल्या वेळात मला तपासत होती. मी इथल्या एका साप्ताहिकात स्थानिक इतिहासावर लिहितो. एकही लेख तिच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय छापायला गेला नाही. समासात ती एकच शब्द लिहायची : 'कशावरून?' (एकदा वाढदिवसाच्या चिठ्ठीत मी 'तुझ्याशिवाय मला करमत नाही' असं लिहिलं होतं. त्यापुढेही तेच.)

कपाटाच्या काचेमागे लावायला तिचा एक पानी परिचय रविवारपर्यंत हवा होता. मी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा 'साधना' एवढंच लिहून उठलो. शेवटी मोबाइलमधल्या एआयला तिची माहिती दिली आणि सांगितलं, बाबा, तूच लिही, पण संदर्भ देऊन लिही. (संदर्भ मागितला की आपण सावध, अशी माझी समजूत.)

अर्ध्या मिनिटात परिचय हजर. त्यात एक वाक्य होतं : 'शाळकरी वयात त्यांनी मोर्णेच्या पुरात उडी घेऊन दोन मुलांना वाचवले (संदर्भ : शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, पान ४१).'

मी चकित झालो. साधना आणि पोहणं? आमच्या घरात पोहणारा मी. (कॉलेजातल्या पदकाचं मी लग्न ठरतानाच सांगितलं होतं.) पण पान एकेचाळीस! चाळीस असतं तर संशय आला असता. एकेचाळीस कोण कशाला खोटं सांगेल? शिवाय लग्नाआधीचं मला काय ठाऊक? आणि खरं सांगायचं तर, दोन वर्षांनी तिच्याबद्दल काहीतरी नवीन कळलं होतं. ते मला परत करायचं नव्हतं.

मी 'कशावरून' विचारलं नाही.

रविवारी ग्रंथपाल शेषरावांनी परिचय माइकवरून वाचला. पुराच्या वाक्याला टाळ्या पडल्या. मग सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे माझ्या सासूबाई पार्वताबाई बसल्या होत्या, वय वर्षं शहाऐंशी.

"हो," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "पुरात पवली माही पोरगी."

माझी छाती फुगली. ती घरी जेवायला बसेपर्यंत टिकली.

"जवाईबापू, हे पुराचं कोनं सांगतलं तुमाले?"

माझा घास हातातच राहिला. "म्हणजे? तुम्हीच तर हो म्हणालात!"

"मंग? पन्नास मान्सायसमोर जवायाले खोटं पाडू का? साधना तं गुडघाभर पान्याले भेत होती."

ललितानं माझा मोबाइल ओढून घेतला आणि त्या यंत्राला विचारलं, ही स्मरणिका तू कुठे पाहिलीस? यंत्रानं नम्रपणे माफी मागितली. अशी स्मरणिका त्याला सापडत नव्हती. मग पानाचा प्रश्नच नव्हता.

"भाऊजी, आज ताई असती तर?"

"तर परिचय लागला नसता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी शेषरावांकडे गेलो. ते वाक्य काढा म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला.

"मजकूर बदलाचा तं कमिटीकडे अर्ज लागते साहेब. पुराव्यासकट."

"कशाचा पुरावा?"

"बाई पवल्या नाही याचा."

"पोहल्याचा पुरावा कुठे मागितला होता तुम्ही?"

"त्याले पान एकेचाळीस होतं ना! आन् आता तं खुद्द माय साक्षीदार हाये."

माय साक्ष देण्यात रमली होती. शेजारणी रोज दुपारी ऐकायला यायच्या. आठवड्याभरात वाचवलेली मुलं दोनाची चार झाली होती आणि त्यांच्यासोबत एक बकरीही काठाला लागली होती.

शेवटी ललितानंच मार्ग काढला. पुढच्या रविवारी मी साधनाच्या रोजनिशीच्या सहा वह्या अकोल्याला नेल्या. प्रत्येक पानाचे फोटो काढून आम्ही यंत्राला दिले आणि ललितानं त्याला दम भरला : या वह्यांबाहेरचं अक्षर लिहायचं नाही. प्रत्येक उत्तराला वही आणि पान सांगायचं. सापडलं नाही तर 'माहीत नाही' म्हणायचं.

यंत्र एकदम साधनासारखं वागू लागलं. ती शूर होती का? माहीत नाही. तिच्या हातून कोणाचा जीव वाचला होता का? माहीत नाही. माझ्याबरोबर ती सुखात होती का? वह्यांत तशी नोंद नाही. (हा प्रश्न ललिता चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी विचारून घेतला.)

मग मुद्द्याचं : तिला पोहता येत होतं का?

'नाही. वही ४, पान २३.'

आम्ही चौथी वही उघडली. पान तेवीस खरोखरच होतं. अक्षर तिचंच, पेन्सिलीचं. ललितानं मोठ्यानं वाचलं. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या.

'आज चिखलदऱ्याला तलावात बोटीत बसलो. मला पोहता येत नाही, म्हणून ह्यांचा हात धरला, तर हे माझ्याहून जास्त थरथरत होते. कॉलेजात पोहण्याचं पदक मिळालं होतं म्हणतात. कशावरून, ते विचारलं नाही.'

ललितानं वही मिटली.

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. "त्या पदकावरच तं आमी हो म्हनलं होतं," त्या म्हणाल्या.

अर्ज मी त्याच आठवड्यात लिहिला. पुराव्याच्या रकान्यात 'वही ४, पान २३' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. नियमाप्रमाणे त्या पानाची झेरॉक्स जोडायची आहे, आणि कमिटीच्या बैठकीत ती सर्वांसमोर वाचली जाणार आहे.

यंदाचंही कूलरचं गवत बदलून झालं. झेरॉक्स अजून काढलेली नाही.