सलाईन लावलेला ट्रेलर

ट्रेलर सहा, त्यांची चाकं बहात्तर, ड्रायव्हर अकरा आणि मतं चौदा. मतं जास्त भरली, कारण तिघांनी सांगता सांगताच मत बदललं. भाचीने दोन्ही लिहून घेतली.

तिचे मामा यार्डातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. ती कामाला लागली आणि आठवड्याभरात सगळ्या यार्डाचीच भाची झाली. तिच्या वहीतला प्रश्न एकच होता : एका ट्रेलरला बसवलेल्या, आपोआप हवा भरणाऱ्या यंत्राबद्दल आपलं मत काय?

यंत्र तसं सरळ होतं. टायरमधली हवा एकशे दहा पौंडांच्या खाली उतरली की ट्रकच्या टाकीतून नळीवाटे टायरमध्ये हवा जायची. ती जात असेपर्यंत ट्रेलरच्या कपाळावर पिवळा दिवा लागायचा, ड्रायव्हरला आरशात दिसेल असा. ड्रायव्हरांनी त्याचं बारसं करून टाकलं होतं : सलाईन.

मत क्रमांक तीन : 'चांगलं आहे, पण माझ्या गाडीला नको.' मत क्रमांक सात : 'टायरला आयतं खायची सवय लागेल.' मत क्रमांक अकरा मामांचं होतं : 'मशीनला हात आहेत का?' भाचीने त्यापुढे 'नाहीत' असं लिहिलं.

"महिनाभर नीट चाललं तर उरलेल्या पाचही ट्रेलरना बसवू," साहेबांनी तिला सांगितलं होतं. "नाहीतर परत पाठवू. आणि तुझी जागा त्याच्यासाठीच काढलीय, हे ध्यानात असू दे."

नीट चालेना. ट्रेलर मामांकडे होता. रोज सकाळी अकराच्या सुमारास दिवा लागायचा आणि पाऊण तास विझायचा नाही. म्हणजे कुठेतरी हवा गळत होती. भाचीने बाराही टायरांना साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुड्यांची वाट पाहत बसली. एकही आला नाही. तिने नळ्या बदलल्या, वॉशर बदलले. दिवा आपला वेळेवर.

"पेशंट दगावणार बघ," मत क्रमांक सात म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात ती मामांच्या शेजारी जाऊन बसली. डोंगर उतरून गाडी चहाच्या टपरीसमोर थांबली. घड्याळात दहा पन्नास.

"तू चहा सांग. मी जरा पोरांना बघून येतो," मामा म्हणाले.

पोरं म्हणजे टायर. भाची चहा न सांगता मागोमाग गेली. मामा प्रत्येक टायरवर तळहात ठेवत होते, ताप बघावा तसा. मग खिशातून एक खिळा काढून त्यांनी वॉल्व्ह दाबला. फुस्सss.

"मामा! काय करताय?"

"हवा काढतोय. गरम झालेत. तीस वर्षं काढतोय."

"अहो, पण यंत्र ती परत भरतं!"

"माहितीय की. म्हणून तर हल्ली जरा जास्तच काढतो."

भाचीने ते लगेच वहीत टिपलं. इतक्या दिवसांत हाती लागलेलं हे सगळ्यात चांगलं निरीक्षण होतं. मग तिने समजावलं : गरम टायरमधली हवा वाढणारच. ती काढली की टायर बसतो, बसला की जास्त वाकतो, आणि वाकला की अजून तापतो.

"म्हणजे तीस वर्षं मी पोरांना तापवत होतो?"

"थोडंसं."

मामांनी खिळा खिशात घातला. "बरं बाई. उद्यापासून हात लावणार नाही. आईची शपथ."

दुसऱ्या दिवशी दिवा अकराला लागला.

"मी नाही!" मामा फोनवर ओरडले. चौकशी केली तेव्हा मत क्रमांक सात लाजत पुढे आला. टपरीवर जो आधी पोचेल, त्याने मागून येणाऱ्यांचे टायरही चाचपून बघायचे, अशी त्यांची जुनी रीत होती. "मामा आज चक्क विसरले. म्हातारा माणूस, म्हणून मीच काढून टाकली."

"आणि नंतर मी," मत क्रमांक तीन म्हणाला. "मला वाटलं, याने कमी काढली असेल."

भाचीने अकराही जणांना उभं करून वाकणं-तापणं पुन्हा समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवा मात्र त्यानंतरही दोनदा लागला, कारण मान डोलावणं आणि हात आवरणं यांची वायरिंग वेगळी असते.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. अकरा वाजले, बारा वाजले. दिव्याबद्दल फोन नाही. दुपारी मामांचा ट्रेलर फाटकातून आत आला तेव्हा दिवा बंद होता. साहेब ऑर्डरचा कागद घेऊन उभेच होते.

"वा! लगेच सही करतो."

"एक मिनिट, साहेब. मोजून घेते."

साहेबांच्या पाठीमागून मामा दोन्ही हातांनी 'नको नको' करत होते. तिने पहिल्या टायरला गेज लावलं. नव्वद. दुसऱ्यात नव्वद. तिसऱ्यात अठ्ठ्याऐंशी.

"मामा?"

"दिवा बंद राहायला हवा होता ना? राहिला." मामांनी पाय खाजवला. "टपरीवर यांनी सवयीने थोडी थोडी काढलीच. म्हटलं, आता दिवा लागणार आणि पोरीची नोकरी जाणार. मग खाली घुसून सलाईनचा कॉकच बंद केला."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे हे चालतं की नाही, ते अजून कोणालाच माहीत नाही?"

"अर्ध्या तासात कळेल," भाची म्हणाली. "इंजिन चालू ठेवा. कॉक उघडा. आणि कोणीही टायरला हात लावायचा नाही. सगळ्यांनी हात खिशात."

कॉक उघडला. दिवा लागला. अकरा ड्रायव्हर, साहेब आणि भाची दिव्याकडे बघत उभे राहिले. महिनाभर टिंगल झाली होती, पण एवढा वेळ सलग त्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. कोणी म्हणालं, तास लागेल. कोणी म्हणालं, उद्या सकाळ. मामा खिशातल्या हातांनीच काहीतरी चाचपत होते. साहेब कोपऱ्यातल्या शेवटच्या टायरला टेकले. साहेब होण्याआधी एकोणीस वर्षं त्यांनीही ट्रकच चालवला होता.

सव्विसाव्या मिनिटाला दिवा विझला. "अरे!" सगळे एकदम म्हणाले.

भाची गेज घेऊन निघाली. एकशे दहा. एकशे दहा. मामा तिच्यामागून चालत प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणत होते. ती नवव्या टायरपाशी पोचली आणि दिवा पुन्हा लागला.

"हात!" ती ओरडली.

अकरा ड्रायव्हरांचे बावीस हात वर गेले. सगळे रिकामे.

साहेबांचा एकच हात दिसत होता. त्यांनी दुसराही सावकाश पुढे आणला, पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर सही केली.

भाचीने उरलेले टायर मोजले. दहाव्यात एकशे दहा, अकराव्यात एकशे दहा, बाराव्यात शंभर.